बाराबोर, पॉइंट टू-टू आणि अल्ट्रासोनिक क्लीनर: ३ लिटरचं मशीन घ्यावं का?

अल्ट्रासोनिक क्लीनर म्हणजे पार्ट पाण्यात घालून लहरींनी धुणारं मशीन. मशीन चांगलं आहे, मी समाधानी आहे, पण घरात फक्त दुनळी बाराबोर, म्हणजे दोन नळ्यांची छर्ऱ्याची बंदूक असेल तर तेवढ्यासाठी हे घेऊ नका. आधीच सांगून टाकतो कारण ओळखीतले परवानाधारक भेटले की एवढंच विचारायलेत, घ्यावं का नाही, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडं हत्यार कोणतं आहे आणि ते किती खोलता येतं ह्यावर आहे, मशीनची कंपनी वगैरे नंतरची गोष्ट.

आमची शेती जिंतूर तालुक्यात, डोंगराच्या कडेला. रानडुकरं आणि रोही ह्यांचा त्रास बारमाही, त्यामुळं वडिलांच्या काळापासून पीक संरक्षणाच्या परवान्यावर एक दुनळी घरात आहे. पण मशीन घेतलं ते पुतणीमुळं. ती छत्रपती संभाजीनगरला शिकायला आहे आणि तिथं २५ मीटर पिस्तूल शूट करते, पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंच बोअरचं. ज्यांनी पॉइंट टू-टू जवळून पाहिलंय त्यांना माहिती असेल की एवढीशी गोळी पण घाण बाराबोरपेक्षा जास्त करते. गोळी उघड्या शिशाची, तिच्यावर मेणाचा नाहीतर ग्रीसचा थर, वरून बारूदाचा कार्बन, आणि पिस्तूल ब्लोबॅकवालं, म्हणजे बार उडाल्याच्या धक्क्यानंच बोल्ट मागं येणारं असलं की प्रत्येक वेळी थोडा धूर मागं बोल्टवर, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या तुकड्यावर येतोच. हे तिन्ही मिळून एक चिकट काळं मेण तयार होतं आणि ते बोल्टच्या तोंडावर, एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या भागाच्या) नखाखाली, मॅगझिनच्या ओठांवर बसतं. मॅचमध्ये ६० शॉट, ३० प्रिसिजनचे आणि ३० रॅपिडचे, प्रॅक्टिसला त्याहून कितीतरी जास्त. रॅपिडमध्ये हात वर करून गोळी मारायला फक्त ३ सेकंद असतात, तिथं काडतूस अर्धवट अडकलं तर पोरीच्या डोक्यातली सगळी लय जाते. नखाखालची घाण ब्रशनं निघत नाही, टाचणीनं खरवडावी लागते, आणि टाचणीनं खरवडायला लागलं की आज ना उद्या कुणीतरी ते नख मोडतंच.

माझ्या एका मित्राचं डिझेल पंप-नोझलचं दुकान आहे. ट्रॅक्टरचे नोझल तो अल्ट्रासोनिकमध्येच धुतो, त्यामुळं मशीन काय करतं हे मला आधीपासून माहिती होतं. टाकीच्या तळाला बाहेरून ट्रान्सड्यूसर चिकटवलेले असतात, ते सेकंदाला ४०,००० वेळा थरथरतात, त्या थरथरीनं पाण्यात डोळ्याला न दिसणारे बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात. घासतो तो हा बुडबुडा. ब्रश जिथं पोचत नाही, म्हणजे बारीक भोक, स्प्रिंगचे वेढे, पिनची खाच, तिथं पाणी पोचतं आणि पाण्याबरोबर बुडबुडा पण पोचतो. पाणी गरम असलं आणि त्यात साबणाचं लिक्विड असलं की काम पटकन होतं. नुसत्या थंड पाण्यात चालवलं तर मशीन आवाज भरपूर करतं पण काम थोडंच होतं.

मी घेतलं ते ३ लिटरचं. आतून स्टीलची टाकी, लांबी साधारण २४ सेंटीमीटर, रुंदी साडेतेरा आणि खोली १०. अल्ट्रासोनिक १२० वॅट, हीटर १०० वॅट, टायमर ३० मिनिटांपर्यंत, तापमान ८० अंशांपर्यंत लावता येतं, वर स्टीलचं झाकण आणि आत जाळीची टोपली. मला जीएसटी धरून साडेअकरा हजाराला पडलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही कारण बाजारात ह्या साइजचे डबे सगळे एकसारखेच दिसतात, स्टिकर तेवढे वेगळे. त्यापेक्षा काय तपासायचं ते सांगतो. हीटर पाहिजेच. टोपली पाहिजेच, कारण पार्ट थेट तळावर ठेवले तर पार्टलाही घासा बसतो आणि तळालाही. आणि डीगॅसचं बटण असलं तर चांगलं, ताज्या पाण्यात हवा मिसळलेली असते, ती आधी पाच-दहा मिनिटं मशीन रिकामं चालवून काढावी लागते नाहीतर घासायची ताकद कमी होते. रिकामं म्हणजे पार्टशिवाय, पाण्याशिवाय नव्हे, पाण्याशिवाय चालवलं तर ट्रान्सड्यूसर जातो आणि मग तो डबा भंगारातच.

मशीन खरं काम करायलंय का नाही हे बघायची एक सोपी पद्धत मित्रानं दाखवली. पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल घ्यायची, पट्टी कापून पाण्यात उभी धरायची, तळाला टेकू द्यायची नाही, आणि मशीन अर्धा-एक मिनिट चालवायचं. फॉइल बाहेर काढून उजेडाकडं धरली की सगळीकडं बारीक बारीक भोकं आणि खड्डे दिसले पाहिजेत, आणि साधारण सारखे पसरलेले. एकाच कोपऱ्यात भोकं आणि बाकी फॉइल कोरी असेल तर एक ट्रान्सड्यूसर मेलेला आहे असं समजा. डिलिव्हरी आल्या आल्या हे करून बघा, परत करायची मुदत असते तवरच.

आता पिस्तुलाचं. ते क्लबच्या परवान्यावरचं आहे त्यामुळं घरी आणायचा प्रश्नच नाही, मीच मशीन गाडीत घालून रेंजवर नेलं आणि कोचच्या समोर सगळं केलं. मशीन हलकं आहे, एका हातात येतं. पिस्तूल रिकामं आहे हे कोचनं बघितलं, पुतणीनं बघितलं, मी बघितलं, काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवला आणि मगच खोलायला घेतलं. लाकडी ग्रिप काढली, साइट बाजूला ठेवली, ट्रिगरचा सगळा संच तसाच सोडला. बोल्ट, रिकॉइल स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर, फायरिंग पिन, रिकामी मॅगझिन एवढंच पाण्यात.

एक युक्ती इथं फार कामाला आली. लिक्विड अख्ख्या टाकीत टाकायचं नाही, टाकीत साधं पाणी भरायचं आणि त्यात लॅबमधला काचेचा बीकर उभा करायचा, बीकरमध्ये लिक्विडचं पाणी आणि पार्ट. काचेतून लहरी आरपार जातात. लिक्विड कमी लागतं, शिशाची घाण टाकीला लागत नाही आणि बारीक पिना हरवत नाहीत. आणि काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतं. पाणी ५५ अंशाला आलं, मशीन चालू केलं, चर्रर्र असा दातात शिरणारा आवाज सुरू झाला, आणि बोल्टच्या तोंडातून अगरबत्तीच्या धुरासारखी एक काळी रेघ खाली उतरायला लागली. मग दुसरी, फायरिंग पिनच्या भोकातून. दहा मिनिटांत बीकरचं पाणी चहाच्या रंगाचं झालं. एक्स्ट्रॅक्टर चिमट्यानं उचलून भिंगाखाली धरला तर नखाच्या आतला कोपरा, जिथं आजपर्यंत टाचणी घालत होते, तिथं धातू चमकत होता, कंपनीतून आल्यावर जसा असेल तसा. कोच म्हणले, हे नख असं स्वच्छ आम्ही कधी बघितलंच नव्हतं. ह्या एका गोष्टीसाठी माझे पैसे फिटले असं मी मानतो. त्यानंतर पिस्तुलाचं अडकणं बरंच कमी झालंय, पुतणीचं म्हणणं तरी तसं आहे आणि रॅपिडच्या मालिकेत तिला ते जाणवतं.

पण सगळं निघतं असं नाही हं. कार्बन आणि मेण निघतं, धातू निघत नाही. नळीत खाचांमध्ये शिशाचा पातळ थर चिकटून बसलेला असतो तो अल्ट्रासोनिकला दाद देत नाही, रायफलच्या गोळीचं तांबं तर अजिबात नाही. त्याला ब्राँझचा ब्रश, सॉल्व्हंट आणि रॉड हाच उपाय आहे. व्हिडिओत लोक आख्खी नळी टाकीत घालून काढतात आणि चकाचक म्हणून दाखवतात, ते बाहेरून चकाचक असतं.

आता बाराबोर. दुनळी तुम्ही खोलता म्हणजे तीन तुकडे करता, नळ्या, पुढचं लाकूड आणि दस्त्यासकट ॲक्शन, म्हणजे चाप-घोड्याचा धातूचा भाग. ह्यातलं टाकीत काय जाणार? दस्ता लाकडाचा आहे आणि ॲक्शन त्याला जोडलेली आहे, ती पाण्यात घालायची नाही. पुढचं लाकूड पण लाकूडच. नळ्या २८ किंवा ३० इंची, माझी टाकी साडेनऊ इंची. काही जण म्हणतात एक टोक बुडवा मग उलटी करून दुसरं टोक बुडवा. कृपा करून हे करू नका आणि त्याचं कारण नळी मावत नाही एवढंच नाही. दोन नळ्यांच्या मधे वर आणि खाली ज्या पट्ट्या असतात त्या कथलाच्या डाकानं बसवलेल्या असतात, जुन्या बंदुकीत तो डाक कुठं ना कुठं सुटलेला असतो, वरून दिसत नाही. त्या फटीतून साबणाचं पाणी आत गेलं की ते बाहेर यायला वाट नाही, आणि पट्टीच्या आत गंज सुरू झाला की तो कळेल तेव्हा नळीची भिंत खाल्लेली असेल. शिवाय बंद डब्यासारखी ती जागा आहे, तिथं तेल घालता येत नाही, पुसता येत नाही. जुन्या बंदुकीवरचं ब्लूइंग, म्हणजे लोखंडावरचा निळसर-काळा थर, पण नाजूक असतं, ॲक्शनवर जे निळे-तपकिरी डाग-डाग रंग दिसतात ते तर त्याहून नाजूक, ते एकदा उडाले की परत येत नाहीत.

दुनळीतून पाण्यात जाऊ शकतो तो फक्त एक्स्ट्रॅक्टर आणि त्याचा स्क्रू, आणि लॉक खोलायची अक्कल आणि बरोबर मापाचे पेचकस असतील तर आतले घोडे आणि स्ट्रायकर. ते काम परवाना असलेल्या मिस्त्रीचं. साध्या पेचकसानं त्या स्क्रूची खाच एकदा फाटली की बंदुकीची किंमत तिथंच उतरते.

दुनळीला काय लागतं ते आमच्या गावातले मेजर सांगतात, मेजर हे गावानं दिलेलं नाव. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले, आता तालुक्याला एका बँकेवर स्वतःच्या बाराबोरसकट गार्ड आहेत. मी मशीन आणल्यावर ते मुद्दाम बघायला आले, सगळं शांतपणे बघितलं आणि म्हणले, "चांगलं आहे, पण नळीला चिंदीच लागणार भाऊ." फौजेत चिंदीचं माप ठरलेलं, सफाईला ४ बाय २ इंच, तेल द्यायला ४ बाय दीड. आधी कोरडी चिंदी, मग सॉल्व्हंट आणि ब्रश, मग चिंदी पांढरी येईपर्यंत, मग तेलाची. काडतुसात बारूद आणि छर्रे ह्यांच्या मधे असणाऱ्या प्लास्टिकच्या वॅडचा जो थर बाराबोरच्या नळीत घासत जातो तो पण ब्रश-सॉल्व्हंटनंच निघतो. त्यांच्या हातची बंदूक बघितली तर कुणी म्हणणार नाही की ती रोज आठ तास खांद्यावर असते. मेजरांना हे मशीन लागत नाही, आणि मी त्यांना घ्या म्हणलं पण नाही.

ज्यांच्याकडं पंप ॲक्शन किंवा सेमी-ऑटो बाराबोर आहे त्यांची गोष्ट वेगळी. बोल्ट, कॅरियर, सेमी-ऑटोतला गॅस पिस्टन, नळीच्या तोंडाचे चोक (छर्रे किती पसरतील ते ठरवणारे तुकडे), हे सगळे सुटे निघतात, धातूचे असतात आणि त्यांच्यावर कार्बन असा भाजून बसलेला असतो की ब्रशनं हात दुखतात. चोकच्या आट्यांमध्ये घाण बसली की चोक जाम होतो आणि मग लोक पक्कड लावतात. तिथं हे मशीन वरदान आहे. बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरचं सिलेंडर काढता येत असेल तर त्याच्या पुढच्या तोंडावरचं काळं कडं पण बऱ्यापैकी सुटतं, उरलेलं ब्रशच्या दोन हातांत जातं. फक्त निकेल चढवलेलं हत्यार असेल आणि निकेल कुठं फुगलेलं किंवा उचकटलेलं असेल तर बिलकुल घालू नका, बुडबुडा त्या कडेखाली शिरतो आणि पापुद्रे काढतो. रंग भरलेल्या साइट, काचेचं काहीही, दुर्बीण, रेड डॉट, लाकूड, शिंग, हस्तिदंती मूठ, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर हे सगळं बाहेर. आणि जिवंत काडतूस चुकूनही नाही, धूळ झटकायला सुद्धा नाही.

खरी मेहनत मशीन बंद झाल्यावर सुरू होते आणि ह्याबद्दल विकणारा एक शब्द बोलत नाही. अल्ट्रासोनिक घाणीबरोबर तेल पण काढतं, कानाकोपऱ्यातलं सगळं. पार्ट बाहेर येतो तो पार उघडा, लोखंड आणि हवा ह्यांच्या मधे काहीच नाही. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत असा पार्ट तासभर टेबलावर ठेवला तर त्याच्यावर पिवळट तांबूस झाक येते. म्हणून आधी सगळी तयारी मांडायची आणि मगच मशीन चालू करायचं. माझी पद्धत अशी आहे की लिक्विडमधून काढलं की लगेच गरम डिस्टिल वॉटरमध्ये खळखळून घ्यायचं, म्हणजे बॅटरीत टाकायचं मिळतं ते. बोअरचं पाणी अजिबात नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे ते गीझर आणि कुकर बघून सगळ्यांना माहिती आहे, ते पार्टवर वाळलं की पांढरे ठिपके राहतात, आणि ते ठिपके म्हणजे क्षार, क्षार हवेतलं पाणी ओढतो आणि त्या ठिपक्याखालीच गंजाचा पहिला खड्डा पडतो. जारचं आरओ पाणी टाकीत भरायला चालतं पण शेवटचं खळखळणं डिस्टिलमध्येच करा, पाच लिटरचा कॅन काही महाग नाही.

मग कपड्यानं टिपायचं आणि हेअर ड्रायर. उन्हाळ्यात आपल्याकडं ४२ अंशाला पार्ट उन्हात पाच मिनिटांत खडखडीत होतात, पण पिनच्या भोकात पाणी राहतंच, ड्रायरनंच काढा. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर नको, त्याच्या टाकीत पाणी साचलेलं असतं आणि हवेबरोबर तेच फवारलं जातं. पार्ट गरम असतानाच पाणी हटवणारं तेल, डब्ल्यूडी-४० किंवा त्यासारखं, सगळीकडं पोचवायचं, जिरू द्यायचं, पुसायचं आणि मग त्याच्यावर खरं गन ऑइल. डब्ल्यूडी-४० वर थांबायचं नाही, ते पाणी काढायला चांगलं आहे पण वंगण म्हणून टिकत नाही. खोबरेल तेल तर नकोच, जुनी माणसं लावायची हे मला माहिती आहे, पण थंडीत ते थिजतं आणि नंतर चिकट होऊन बसतं, हिवाळ्यात पहाटे स्ट्रायकर हळू पडायचं एक कारण तेच असतं. एवढं सगळं करायची तयारी नसेल तर मशीननं बंदुकीचं भलं होणार नाही, वाटोळं होईल. हे मी अगदी मनापासून सांगायलोय.

जोडल्यावर प्रत्येक स्क्रू बघा. थरथरीनं आणि तेल गेल्यानं स्क्रू ढिले होतात, लॉकटाइट (स्क्रू पक्का करणारा गोंद) लावलेलं असेल तर ते पण कधी कधी सोडतं. डमी काडतूस घालून सेफ्टी, चाप, एक्स्ट्रॅक्टर सगळं चालवून बघायचं, मगच हत्यार कपाटात.

आता लिक्विडचं. मशीनसाठीच मिळणारं सौम्य, न्यूट्रलच्या जवळचं लिक्विड घ्या आणि बाटलीवर लिहिलंय तेवढंच टाका. भांडी घासायचं लिक्विड थोडं टाकून पण काम होतं, तेल-मेण बऱ्यापैकी सुटतं, पण खळखळून जास्त धुवावं लागतं. व्हिनेगर, लिंबू, संडास साफ करायचं ॲसिड असलं काही टाकू नका, ॲसिड ब्लूइंग खातं. कॉस्टिकवालं डिग्रीझर ॲल्युमिनियमच्या पार्टला खातं. अमोनिया पितळेला वाईट. आणि पेट्रोल, थिनर, रॉकेल टाकीत ओतायचं नाही म्हणजे नाही. खाली हीटर आहे, विजेचं सर्किट आहे, वर वाफ तयार होणार, एका ठिणगीत घर पेटेल. गॅरेजवाले काही जण करतात म्हणून आपण करायचं नाही.

मला मशीनचा विषय डोक्यात घट्ट बसला तो आचारसंहितेनंतर. २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, आपल्या परभणी, हिंगोली, नांदेडचं मतदान २६ एप्रिलला झालं पण आचारसंहिता उठली जूनमध्ये. मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची लागली. म्हणजे एका वर्षात दोनदा बंदूक ठाण्यात जमा. जमा करायचा आदेश आला की तो पाळायचाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण जमा केलेली हत्यारं ज्या पद्धतीनं ठेवली जातात त्याबद्दल तक्रार नक्की आहे. माझी दुनळी पावत्यांचा कागद बांधून भिंतीला टेकवून इतर पंधरा-वीस बंदुकांच्या गठ्ठ्यात, खाली फरशीची ओल, आणि परत मिळाली तेव्हा नळीवर बोटांचे ठसे गंजून उमटलेले, एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेत धूळ आणि तेलाचा लगदा. घामाच्या हातानं धरलं आणि पुसलं नाही की असे ठसे उमटतात. कुणाचं हत्यार, कुणाच्या वडिलांची आठवण, एवढं तरी लक्षात घ्यायला हवं. जमा करताना आता मी नळीला आतून-बाहेरून जाड तेल किंवा ग्रीस देतो, कातड्याच्या कव्हरमध्ये देत नाही कारण कातडं ओल धरतं, आणि पावतीवर हत्याराची स्थिती लिहून घेतो. तुम्ही पण लिहून घ्या, मागितलं की लिहून देतात. परत आल्यावर एक्स्ट्रॅक्टर मशीनमध्ये घातला तर लगदा दहा मिनिटांत साफ निघाला. गंज मात्र निघाला नाही, मशीन गंज काढत नाही, तो बारीक स्टील वूल आणि तेलानं हळूहळू काढला.

मित्र म्हणला होता, मशीन कशाला घेतो, पार्ट माझ्या दुकानात ठेवून जा, नोझलबरोबर धुवून देतो. मन चांगलं आहे त्याचं, पण ते बेकायदेशीर आहे. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये बंदुकीचे पार्ट पण बंदुकीच्या व्याख्येतच येतात. परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यात बोल्ट किंवा नळी ठेवून यायचं म्हणजे तुम्ही पण अडचणीत आणि तो पण. स्वतः समोर उभं राहून करणं वेगळं आणि ठेवून जाणं वेगळं. मिस्त्रीकडं द्यायचं असेल तर परवाना असलेल्याकडंच, पावती घेऊन.

घरात पोरंबाळं आहेत त्यांनी हा भाग नीट वाचावा. काडतुसाच्या टोपीत शिशाचं संयुग असतं, गोळी शिशाची, छर्रे शिशाचे. बीकरमधलं ते चहाच्या रंगाचं पाणी म्हणजे शिशाचं पाणी आहे. मशीन स्वयंपाकघरात नको, जेवायच्या टेबलावर नको. नायट्राइलचे हातमोजे घाला, झाकण लावूनच चालवा कारण वर बारीक तुषार उडतात, चालू असताना बोट आत घालू नका, आणि नंतर हात साबणानं नीट धुवा. बंदुकीचं मशीन ते बंदुकीचंच, त्यात नंतर बायकोची पैंजणं आणि आईचा चष्मा धुवायचा नाही. घाण पाणी मोरीत, नालीत, विहिरीजवळ, गुरांच्या हौदाकडं कुठंच ओतायचं नाही. मी ते झाकणाच्या कॅनमध्ये चिठ्ठी लावून साठवतो, गाळ खाली बसतो, बीकरची पद्धत असल्यामुळं साठतं पण थोडंच. शहरात घातक कचरा वेगळा घेत असतील तर तिथं द्या.

मशीनचे दोष पण सांगतो. ३ लिटरच्या ह्या डब्याला खाली नळ नाही, गरम पाण्यासकट उचलून तिरकं करून ओतावं लागतं आणि ओतताना पाणी मागच्या पॅनेलकडं गेलं तर सर्किट जाणार, म्हणून मी मगनं उपसतो. ६ लिटरच्या बऱ्याच मशीनला नळ असतो पण पाणी गरम व्हायला वेळ जास्त आणि आपल्या कामाला एवढी टाकी लागत नाही. गावाकडं व्होल्टेज कमी असलं की हीटर फार रडवतो, मी पाणी किटलीत गरम करूनच ओततो. डिस्प्लेवरचं तापमान आणि थर्मामीटरचं तापमान ह्यात थोडा फरक आहे, चालवून घ्यावं लागतं. टोपलीची जाळी मोठी आहे, फायरिंग पिन सरळ खाली जाते, चहाची स्टीलची गाळणी आत ठेवली की काम होतं. सर्व्हिस सेंटर मराठवाड्यात नाही, मुंबईला पाठवावं लागेल असं विक्रेत्यानं सांगितलंय, वॉरंटी एक वर्षाची.

सोनार आणि चष्मेवाल्यांकडं असतं ते ६०० मिलीचं दोन-अडीच हजाराचं छोटं मशीन चालेल का, हे पण विचारायलेत. त्यात हीटर नसतो, पॉवर ३५ ते ५० वॅट, आणि पाच-सात मिनिटांनी आपोआप बंद होतं. फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर, छोट्या स्प्रिंगा एवढंच धुवायचं असेल तर गरम पाणी ओतून दोन-तीन वेळा चालवून चालतं. पॉइंट टू-टूचा बोल्ट त्यात आडवा मावतो का ते आधी पट्टीनं मोजा, आतली टाकी बाहेरच्या डब्यापेक्षा बरीच आखूड असते.